जड पाण्यातली बाग

इंग्लंडमधल्या रीडिंगमध्ये नव्यानं राहायला आलेल्या मराठी कुटुंबाची तिथल्या पाण्याशी ओळख स्वयंपाकघरात होते. आठवडाभरातच केटलच्या तळाशी पांढरा थर धरतो, कोऱ्या चहावर तवंग येतो, नळाची तोटी खरखरीत लागते. नेहमीच्या शिट्ट्यांत तूरडाळ शिजत नाही, वरणाला दोन शिट्ट्या जास्त द्याव्या लागतात. तानसा, भातसा, वैतरणेच्या मऊ पाण्यावर मुंबईत वाढलेल्यांना हा फरक लगेच कळतो. मराठवाड्यात किंवा विदर्भात बोअरचं पाणी वापरलेल्यांना त्याचं फारसं नवल वाटत नाही.

हेच पाणी पुढे दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीत जातं. मासे बहुधा निभावून नेतात, वनस्पतींना ते तितकंसं जमत नाही. दुकानातून हौसेनं आणलेली लालचुटूक, नाजूक पानांची रोपं तीन-चार आठवड्यांत फिकट पडतात, खालची पानं गळतात, काचेवर शेवाळ चढतं. मग कुणी दिवा बदलतं, कुणी खताची बाटली आणतं, कुणी आपल्या हाताला गुणच नाही म्हणून प्लास्टिकची झाडं लावून मोकळं होतं. खरं कारण बहुतेक वेळा याहून साधं असतं. त्या पाण्याला न मानवणारी रोपं निवडलेली असतात. छोट्या अ‍ॅक्वेरियममध्ये हिरवाई टिकवायची तर आधी नळाच्या पाण्याची माहिती करून घ्यावी आणि मग दुकानात जावं, हा क्रम पाळला की निम्मं काम होतं.

रीडिंग हे बर्कशर परगण्यातलं, लंडनच्या पश्चिमेचं शहर. केनेट नदी इथे थेम्सला मिळते. केनेट येते विल्टशरच्या खडूच्या टेकड्यांतून. हा खडू म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साचलेल्या सूक्ष्म कवचांचा मऊ पांढरा दगड, जवळजवळ निव्वळ कॅल्शियम कार्बोनेट. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड सोबत घेऊन त्यात मुरतं, थोडा खडू विरघळवतं आणि झऱ्यांवाटे नदीत उतरतं. सह्याद्रीचा काळा बसाल्ट पाण्याला असं सहजासहजी काही देत नाही, म्हणून मुंबईच्या धरणांचं पाणी मऊ. रीडिंगला पाणी पुरवणाऱ्या थेम्स वॉटर कंपनीचं एक शुद्धीकरण केंद्र केनेटच्या काठावर फॉब्नीला आहे, त्याखेरीज भूजलही वापरलं जातं. एका लिटरमध्ये 200 मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम कार्बोनेट असलं की ब्रिटनमध्ये पाणी जड समजतात. रीडिंगचं पाणी ही रेषा सहज ओलांडतं. आपल्या भागाचा नेमका आकडा पोस्टकोड टाकला की कंपनीच्या माहितीत सापडतो. टाकी विकत घेण्याआधी तो पाहून ठेवावा.

या पाण्यात कॅल्शियमच्या जोडीनं बायकार्बोनेट भरपूर असतं, आणि वनस्पतींच्या बाबतीत खरी मेख तिथे आहे.

मराठी शाळेत विज्ञान शिकलेल्या प्रत्येकाला हायड्रिलाचा प्रयोग आठवत असेल. चंचुपात्रात हायड्रिलाच्या फांद्या, त्यांवर उलटं काचेचं नरसाळं, त्यावर पाण्यानं भरलेली परीक्षानळी, आणि सगळं उन्हात ठेवलं की नळीत चढणारे बुडबुडे. बुडबुडे मंद असले तर बाई पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकायला सांगत, आणि बुडबुड्यांचा वेग वाढे. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. हायड्रिला त्या बायकार्बोनेटमधून कर्ब काढून घेऊ शकते, म्हणून तो प्रयोग इतका हमखास जमतो.

पाण्याखाली कर्ब मिळवणं अवघड असतं. हवेत कार्बन डायऑक्साइड जितक्या वेगानं पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजारपट संथ तो पाण्यात पसरतो. शिवाय हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात तो विरघळलेला असतो लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास. पानाभोवती स्थिर पाण्याचा पातळ थर असतो आणि त्यातला वायू संपला की नवा पोचायला वेळ लागतो. अ‍ॅक्वेरियममधली बहुतेक रोपं उपाशी राहतात ती कर्बावाचून. खत नंतरची गोष्ट.

ज्या वनस्पतींना बायकार्बोनेट वापरता येतं, त्यांच्यासाठी जड पाणी म्हणजे भरलेलं कोठार. हायड्रिला त्यांतलीच. लांब फितीसारख्या पानांची वॅलिस्नेरिया, सुयांसारख्या पानांची हॉर्नवर्ट, तळ्यांत वाढणाऱ्या पोटॅमोजेटनच्या कितीतरी जाती, एगेरिया, या सगळ्यांना ही कला येते. त्या बायकार्बोनेट ओढून घेतात तेव्हा पानांवर कधीकधी चुन्याचा बारीक पांढरा थर बसतो. तो रोग समजून पानं कापून टाकू नयेत. उलट मॉस, नाजूक रोटाला आणि मऊ पाण्याच्या ओढ्यांतल्या कित्येक जाती फक्त विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडवर जगतात. बायकार्बोनेटनं भरलेल्या पाण्यातही त्या उपाशीच. मात्र त्यांतल्या काही इतक्या सावकाश वाढतात की त्यांची गरजच थोडी असते. जावा फर्न, अनुबियास आणि जावा मॉस रीडिंगच्या पाण्यात म्हणूनच वर्षानुवर्षं टिकतात.

रीडिंगकरांना याचा पुरावा पाहायला दूर जावं लागत नाही. शहराच्या पूर्वेकडून लॉडन नदी वाहते आणि वॉरग्रेव्हजवळ थेम्सला मिळते. तिच्या नावानं ओळखली जाणारी लॉडन पाँडवीड ही पोटॅमोजेटनची जात इंग्लंडमध्ये मोजक्याच नद्यांत आढळते, जगात मात्र ती दूरवर पसरलेली आहे आणि भारतातही वाढते. केनेटच्या वरच्या, खडूतून येणाऱ्या प्रवाहात वॉटर क्रोफुटचे लांब हिरवे पट्टे पांढऱ्या फुलांनी भरतात. ही झाडं घरी आणायची नाहीत. जड पाण्यात काय जोमानं वाढतं, हे मात्र त्यांच्याकडे पाहून कळतं.

वनस्पती आणि मासे एकाच काचेत राहू शकतात हे पहिल्यांदा पद्धतशीर दाखवलं गेलं तेही जवळच, लंडनला. रॉबर्ट वॉरिंग्टन हे रसायनशास्त्रज्ञ 1849 साली बारा गॅलनच्या एका भांड्यात प्रयोग करत होते. तळाशी वाळू आणि चिखल, त्यात वॅलिस्नेरिया, आणि सोबत दोन छोटे गोल्डफिश. वनस्पती प्राणवायू देईल, मासे कर्बवायू देतील आणि पाणी न बदलता हे चालू राहील असा त्यांचा कयास होता. काही दिवसांनी जुनी पानं कुजू लागली, पाणी गढूळ झालं, काचेवर हिरवा लेप चढला. तेव्हा वॉरिंग्टननी तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं आणि शेवाळ खाल्लं, पाणी निवळलं, आणि त्यांची अंडी माशांना खाद्य म्हणून मिळाली. 1850 मध्ये त्यांनी हे निष्कर्ष केमिकल सोसायटीपुढे मांडले. पुढे 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं आणि 1854 मध्ये फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकानं अ‍ॅक्वेरियमचं वेड घरोघरी नेलं.

वॉरिंग्टन यांच्या भांड्यातली खरी शिकवण गोगलगायींची आहे. कुजणारं पान काढणारं कुणीतरी टाकीत हवं. आज ते काम रॅम्सहॉर्न गोगलगायी करतात, चेरी झिंगे करतात आणि आठवड्यातून एकदा माणसाचा हात करतो. गोगलगायींना कवचासाठी कॅल्शियम लागतं. मऊ पाण्यात त्यांची कवचं झिजून पांढरी पडतात, रीडिंगमध्ये त्यांना ती अडचण नाही. माशांतही हेच. महाराष्ट्रात आरोग्य खातं डासांच्या अळ्या खाण्यासाठी डबक्यांत सोडतं ते गप्पी मासे जड पाण्यात मजेत राहतात. निऑन टेट्रासारख्या अ‍ॅमेझॉनच्या मऊ पाण्यातल्या माशांपेक्षा इथे ते अधिक शहाणपणाचे. चोपन्न लिटरच्या, म्हणजे साठ सेंटीमीटर लांब आणि तीस-तीस सेंटीमीटर रुंद-उंच टाकीत मोजके गप्पी आणि झिंगे पुरेत. गप्पींची वीण झपाट्यानं होते, म्हणून फक्त नर ठेवलेले बरे.

आता उजेड. इथे पुण्याची किंवा नागपूरची सवय फसवते. पुण्यात वर्षातला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत सव्वादोन तासांच्या आसपासच फरक असतो. रीडिंगमध्ये जूनचा दिवस सुमारे साडेसोळा तासांचा, तर डिसेंबरचा जेमतेम आठ तासांचा. खिडकीपाशी ठेवलेली टाकी हिवाळ्यात ठीक दिसते आणि मे महिन्यात अचानक हिरव्या तंतूंनी भरून जाते. तिच्यात दुसरं काही बदललेलं नसतं, बदललेलं असतं आभाळ. त्यामुळे टाकी खिडकीपासून दूर, शक्यतो आतल्या भिंतीलगत ठेवावी आणि एलईडी दिव्याला टायमर लावावा. नव्या टाकीला सहा तास पुरतात. रोपं रुजली, नवी पानं येऊ लागली की आठ तास. त्याहून जास्त उजेड दिला म्हणून रोपं जास्त वाढत नाहीत, कारण कर्ब तेवढाच असतो. न वापरला गेलेला उजेड शेवाळाच्या पथ्यावर पडतो.

घरोघरी सर्वांत जास्त चूक होते ती इथेच. रोप खंगलेलं दिसलं की माणूस दिवा वाढवतो. जोरदार उजेडात रोपाला अधिक कर्ब आणि अधिक खनिजं लागतात, ती नसतात, रोप आणखी खंगतं आणि त्याच्या पानांवर काळ्या केसांसारखं शेवाळ बसतं. उजेड कमी करणं हा फुकटचा आणि बहुधा खरा उपाय आहे.

खताच्या बाबतीत ब्रिटनचं पाणी बऱ्याच जणांना चकवतं. शेतीतून झिरपणारं नायट्रेट दक्षिण इंग्लंडच्या भूजलात असतंच. पिण्याच्या पाण्यात त्याची कायदेशीर कमाल मर्यादा लिटरमागे 50 मिलिग्रॅम आहे. शिवाय जुन्या शिशाच्या नळांतून शिसं पाण्यात उतरू नये म्हणून ब्रिटनमधल्या पाणी कंपन्या बहुतेक ठिकाणी पाण्यात थोडं फॉस्फेट घालतात. म्हणजे नत्र आणि स्फुरद या दोन्ही गोष्टी नळातूनच येतात आणि माशांच्या विष्ठेतून त्यांत भर पडते. उणीव राहते ती पालाशाची, मॅग्नेशियमची आणि लोहाची. खडूच्या पाण्यात कॅल्शियम रग्गड, मॅग्नेशियम मात्र तुलनेनं फार थोडं.

लोहाची गोष्ट जड पाण्यात विशेष त्रासाची. पाण्याचा सामू साडेसातच्या आसपास किंवा वर असला की साधं लोह गंजाच्या रूपात तळाशी बसतं आणि पानाला मिळत नाही. खतात ते धरून ठेवणारा रासायनिक पदार्थ असतो, आणि इथे बाटलीवरची बारीक अक्षरं वाचणं उपयोगाचं ठरतं. स्वस्त खतांत लोह ईडीटीएशी बांधलेलं असतं. हा बंध अल्कधर्मी पाण्यात लवकर सुटतो. डीटीपीएशी बांधलेलं लोह साधारण साडेसात सामूपर्यंत तग धरतं. रीडिंगमध्ये दुसरं घ्यावं, आणि आठवड्याचा डोस एकदम ओतण्यापेक्षा दोन-तीनदा विभागून द्यावा.

उणीव कशाची, हे पानंच सांगतात. नत्र, पालाश आणि मॅग्नेशियम वनस्पती जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देऊ शकते, म्हणून यांची कमतरता खालच्या, जुन्या पानांवर आधी दिसते. सगळं पान पिवळं पडलं तर नत्र, शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडला तर मॅग्नेशियम, बारीक भोकं पडून कडा वाळू लागल्या तर पालाश. लोह असं हलवता येत नाही. शेंड्याचं कोवळं पान फिकट, जवळजवळ पांढरं निघालं की लोहाकडे पाहावं. आणखी एक सोपी युक्ती म्हणजे पृष्ठभागावर तरंगणारी थोडी रोपं ठेवणं. त्यांना कर्ब थेट हवेतून मिळतो, उजेडही भरपूर मिळतो. तरीही ती पिवळी पडली तर पाण्यात खनिजं कमी आहेत हे नक्की. ती हिरवीगार आणि खालची रोपं खंगलेली असतील तर दोष कर्बाचा किंवा उजेडाचा, खताचा नव्हे. फक्त ती दर आठवड्याला उपसून अर्धा पृष्ठभाग मोकळा ठेवावा लागतो, नाहीतर खाली अंधार होतो.

लावणीच्या वेळच्या काही गोष्टी छोट्या आहेत, पण त्यांवर रोपाचं आयुष्य ठरतं. दुकानातली बहुतेक रोपं रोपवाटिकेत पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात, कारण तशी ती लवकर वाढतात आणि शेवाळमुक्त राहतात. घरी पाण्यात बुडवली की ती जुनी पानं त्यांना निकामी होतात आणि गळतात. क्रिप्टोकोरिनची पानं तर कधीकधी चार दिवसांत विरघळून लगदा होतात. रोप मेलं समजून ते उपटून टाकणाऱ्यांनी कितीतरी जिवंत मुळं कचऱ्यात टाकली आहेत. लगदा काढून टाकावा, मुळं जागीच राहू द्यावीत. तीन-चार आठवड्यांत बुडाशी पाण्याखालची नवी, वेगळ्याच आकाराची पानं फुटतात, आणि ती टिकतात.

कुंडीतली रोपं रॉकवूलमध्ये रोवलेली असतात. ते चिमट्यानं अलगद सोडवून काढावं, जुडीच्या बुडाशी गुंडाळलेली धातूची पट्टी काढावी, आणि प्रत्येक काडी सुटी लावावी. जुडीच्या जुडी खोवली तर आतल्या काड्या उजेडावाचून कुजतात. अनुबियास आणि जावा फर्नचा आडवा जाड खोडासारखा कंद वाळूत पुरायचा नसतो, पुरला तर सडतो. तो लाकडाला किंवा दगडाला दोऱ्यानं बांधावा, महिना-दोन महिन्यांत मुळं स्वतःच घट्ट धरतात. याउलट क्रिप्टोकोरिन आणि वॅलिस्नेरिया मुळांवाटे बरंच अन्न घेतात, त्यांच्याजवळ वाळूत खताची गोळी खोवलेली चांगली. डायना वॉलस्टॅड या अमेरिकन अभ्यासिकेनं 1999 च्या आपल्या पुस्तकात याहून स्वस्त मार्ग सांगितला आहे. तळाशी अडीचेक सेंटीमीटर साधी माती, वर तेवढीच रेती, आणि पहिल्या दिवसापासून दाट लागवड. पाणवनस्पती नायट्रेटपेक्षा अमोनियम आधी शोषतात, म्हणून दाट लागवड स्वतःच गाळणीचं काम करते, हा त्यांचा मुद्दा. मातीत शेणखत किंवा रासायनिक खत मिसळलेलं नसावं, एवढं पथ्य.

माशांची घाई मात्र कुणीही करू नये. विष्ठेतून निघणारा अमोनिया आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये बदलणारे जिवाणू फिल्टरमध्ये वसायला महिना-दीड महिना लागतो. तेवढा वेळ रोपं एकटी राहिली तर त्यांचंही भलं होतं.

पाणी दर आठवड्याला पाव ते तृतीयांश बदलावं. त्यात रीडिंगच्या हिवाळ्याची एक अडचण आहे. जानेवारीत नळाचं पाणी आठ अंशांपर्यंत, कधी त्याखालीही उतरतं. 24 अंशांच्या टाकीत असं पाव हिस्सा पाणी ओतलं की टाकी 20 अंशांवर येते. गप्पी हादरतात, क्रिप्टोकोरिन पानं टाकते. बादलीत केटलमधलं थोडं गरम पाणी मिसळून, हाताला कोमट लागेल असं करून मगच ओतावं. क्लोरीन उडून जावं म्हणून बादली रात्रभर उघडी ठेवण्याची आपल्याकडची जुनी रीत इथे भरवशाची नाही. ब्रिटनमधल्या काही पाणी कंपन्या क्लोरामाइन वापरतात आणि ते रात्रभरात उडून जात नाही. डीक्लोरिनेटरचे थेंब घालावेतच.

दुकानांत ‘लिक्विड कार्बन’ नावाची बाटली मिळते. नावावरून ती कर्बाची सोय वाटते, पण त्यात बहुधा ग्लुटारल्डिहाइड असतं, दवाखान्यांत उपकरणांच्या निर्जंतुकीकरणाला वापरतात ते. शेवाळ त्यानं मरतं हे खरं. मॉस आणि वॅलिस्नेरियाही त्यानं विरघळतात. जड पाण्यातल्या सर्वांत उपयुक्त रोपालाच जे मारतं ते छोट्या टाकीत न वापरणं उत्तम.

ज्यांना लाल रोपांचे गालिचेच हवे आहेत त्यांच्यासाठी वाट वेगळी आहे. नीगाताचे ताकाशी अमानो आधी सायकल शर्यतींत उतरत. त्यांनी 1982 मध्ये आपली कंपनी काढली, आणि दाट लागवड, भरपूर उजेड व सिलिंडरमधून सोडलेला कार्बन डायऑक्साइड यांतून पाण्याखालची निसर्गदृश्यं उभी करण्याची शैली जगभर नेली. लिस्बनच्या ओशनारियममधली त्यांची चाळीस मीटर लांबीची टाकी 2015 मध्ये, त्यांच्या निधनाच्या वर्षी, खुली झाली. अशा टाक्यांत कार्बन डायऑक्साइड लिटरमागे वीस ते तीस मिलिग्रॅमपर्यंत नेतात. त्यापुढे मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात. जड पाण्यातही वायू सोडला तर पुष्कळ रोपं खुलतात. ज्यांना मुळात मऊ पाणीच लागतं त्यांच्यासाठी रीडिंगमध्ये आरओ यंत्र किंवा पाऊस. परसात छपराखाली पावसाच्या पाण्याचं पिंप ठेवण्याची पद्धत इथे घरोघरी आहे. नळाच्या पाण्यात तेवढंच पावसाचं पाणी मिसळलं की जडपणा निम्म्यावर येतो. कोरड्या आठवड्यांनंतरचं पहिलं पाणी तेवढं सोडून द्यावं, छपराची सगळी धूळ त्यात असते. पण पहिल्या टाकीसाठी हा खटाटोप करू नये. सिलिंडर, रेग्युलेटर, दर आठवड्याची मोजणी, यांत नवशिक्याचा उत्साह संपतो आणि टाकी माळ्यावर जाते. वॅलिस्नेरिया, क्रिप्टोकोरिन वेंड्टी, अनुबियास आणि थोडी हॉर्नवर्ट यांची साधी टाकी दोन वर्षं चालवलेल्या माणसाला पुढचं सगळं सोपं जातं.

मराठी घरातल्या टाकीला आणखी एक आकर्षण असतं. अ‍ॅक्वेरियमच्या दुकानांत मिळणारी कितीतरी रोपं मुळात भारतातली आहेत. बकोपा मोनिएरी म्हणजे आयुर्वेदातली नीरब्राह्मी. तिची जाडसर, गुळगुळीत पानं जड पाण्यात आणि वायूशिवायही चांगली वाढतात, शेंडा खुडून खोवला की नवं रोप तयार. ‘अंबुलिया’ म्हणून विकली जाणारी लिम्नोफिला आपल्या पाणथळ जागांतही आहे. पश्चिम घाटातल्या नद्यांकाठी क्रिप्टोकोरिनच्या जाती पुरात बुडतात आणि उन्हाळ्यात उघड्या पडतात. म्हणूनच टाकीतली क्रिप्टोकोरिन पानं टाकून पुन्हा उभी राहू शकते. रोटाला मॅक्रँड्राही दक्षिण भारताचीच, गर्द लाल आणि देखणी. पण ती मऊ पाण्याची आहे, आणि रीडिंगच्या नळाखाली तिचा निभाव लागणं कठीण.

कास पठारावरचा वायतुरा, अपोनोजेटन सातारेन्सिस, यांत सर्वांत दुर्मीळ. 1982 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. पावसाळ्यात जांभ्या दगडावर साचणाऱ्या पाण्यात तो इंग्रजी वाय अक्षरासारखा तुरा काढतो आणि पाणी आटलं की कंदाच्या रूपात झोपी जातो. कास 2012 पासून जागतिक वारशात आहे. तिथला कंद उचलणं म्हणजे त्या जातीचाच घास घेणं. अपोनोजेटनची हौस असेल तर रोपवाटिकेत वाढवलेल्या अपोनोजेटन क्रिस्पसचे कंद मिळतात. त्यांतले काही मधूनच सगळी पानं टाकून विश्रांती घेतात. तेव्हा कंद फेकू नये, काही आठवडे वाट पाहावी.

गावच्या तळ्यातली दोन रोपं प्लास्टिकच्या पिशवीत घालून रीडिंगला न्यावीत, असा विचार सुट्टीवरून परतताना अनेकांच्या मनात येतो. तो सोडून द्यावा. भारतातून ब्रिटनमध्ये लावण्याजोगी रोपं न्यायची तर वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, आणि त्या नियमामागे अनुभव आहे. उत्तर अमेरिकेतली फ्लोटिंग पेनीवर्ट 1980 च्या दशकात अ‍ॅक्वेरियम आणि बागेतल्या तळ्यांसाठी ब्रिटनमध्ये विकली गेली. 1990 पर्यंत ती मोकळ्या पाण्यात पोचली होती. दिवसाला वीस सेंटीमीटरपर्यंत वाढणारी ही वेल आज थेम्स, केनेट आणि लॉडनच्या पात्रांतून उपसून काढावी लागते. होड्या अडतात, खालच्या पाण्यातला प्राणवायू घटतो, आणि लॉडन पाँडवीडसारख्या मूळच्या वनस्पतींना उजेड मिळत नाही. पवना, मुळा-मुठा आणि उल्हास नदीवर जलपर्णीचे गालिचे पाहिलेल्यांना हे चित्र नव्यानं समजावून सांगायला नको. पेनीवर्टसह पाच पाणवनस्पतींच्या विक्रीवर इंग्लंडमध्ये 2014 पासून बंदी आहे. जलपर्णी आणि एकेकाळी प्रत्येक दुकानात मिळणारी कबोंबा यांच्या विक्रीवर 2016 मध्ये बंदी आली.

जोमानं वाढणाऱ्या टाकीतून दर पंधरा दिवसांनी मूठभर छाटणी निघते. ती कधीही नदीत, कालव्यात किंवा बागेच्या तळ्यात टाकू नये. वाटाण्याएवढा हॉर्नवर्टचा तुकडाही नवं झाड होऊ शकतो. छाटणी वर्तमानपत्रावर पूर्ण वाळवून कचऱ्याच्या डब्यात टाकावी, किंवा पाण्यापासून दूर असलेल्या कंपोस्टमध्ये. बदललेलं पाणी सिंकमध्ये किंवा घरातल्या कुंड्यांना. त्यातलं नायट्रेट झाडांना खत म्हणून लागू पडतं, आणि रीडिंगच्या थंडीत खिडकीशी जपलेल्या तुळशीला ते खोलीच्या तापमानाचं मिळतं. कढीपत्त्याला मात्र ते रोज घालू नये. त्याला जरा आम्लधर्मी माती मानवते, या जड पाण्यानं त्याची कोवळी पानं पिवळी पडतात. त्याच्यासाठी पिंपातलं पावसाचं पाणी ठेवावं.